पाणी कमरेला, परत आले

दोन वर्षांपूर्वी, गणपती विसर्जनानंतरच्या मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता जिल्ह्याची तीन सदस्यांची पाहणी समिती एका वाडीला साकव नाही याची खात्री करायला आली आणि साकवावरून चालत त्या वाडीत गेली.

साकव म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल. वाडीने तो मागितला होता. मागणीचा प्रस्ताव आमच्या कार्यालयाने तयार केला होता. समितीने त्याच दिवशी अहवालात लिहिले : 'ओढा ओलांडण्याची पर्यायी सोय : उपलब्ध. स्थिती : उत्तम.'

गावाचे नाव इथे देत नाही. सरपंच म्हणाले, लिहू नका. उपसरपंच म्हणाले, लिहाच. प्रस्तावावर सही सरपंचांची असते, म्हणून त्यांचे ऐकले.

मी आधी वर्तमानपत्रात होतो, शेवटची बरीच वर्षे जिल्हा डेस्कवर. तालुक्याच्या बातमीदाराने 'गावात संताप' असे लिहून पाठवले, की त्याला फोन करून किती माणसे होती ते विचारणे हे माझे काम. पुढे या कामात आलो. हे काम काय आहे ते घरच्यांना समजावून सांगायला दोन वर्षे लागली, त्यामुळे इथे थोडक्यात सांगतो.

गावाला किंवा लहान शहराला काहीतरी हवे असते : पाण्याची टाकी, अंगणवाडीची खोली, स्मशानशेड. सरकारकडे योजना असतात. प्रत्येक योजनेचा नमुना वेगळा, अटी वेगळ्या, शेवटची तारीख वेगळी. ग्रामपंचायतीत हे सगळे पाहायला एक ग्रामसेवक, आणि त्याच्याकडे बहुधा शेजारच्या गावाचाही कारभार. त्याला जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत, पाणीपट्टी आहे, ग्रामसभा आहे. त्यातच बुधवारी पत्र येते की शुक्रवारपर्यंत प्रस्ताव सादर करावा. आमचे कार्यालय ते पत्र वाचते. गाव अटींत बसते का ते पाहते, अभियंत्याकडून नकाशा आणि अंदाजपत्रक करून घेते, ठराव, सातबारा, ना-हरकत दाखले गोळा करते. मंजुरी मिळाली की काम कुठवर आले ते टप्प्याटप्प्याने कळवते आणि शेवटी, ज्यासाठी अनुदान दिले त्याचसाठी ते वापरले, असे प्रमाणपत्र तयार करून देते. ते गेले नाही, तर गावाचे पुढचे काम अडते.

आमच्या पाटीवर याला 'प्रकल्प साहाय्य केंद्र' म्हटले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत त्यामुळे कोणाच्या ज्ञानात भर पडलेली नाही. समोरच्या तालमीत येणारे पैलवान अजून जिना चढून विचारतात, "आधार कार्डावरचा पत्ता हितंच बदलून मिळतोय न्हवं?"

गिऱ्हाइके नाना तऱ्हेची असतात. एका सरपंचांना पाणीपुरवठ्याच्या योजनेतून गावाच्या वेशीवर स्वागत कमान हवी होती. योजना पाण्याची आहे, असे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग कमानीखालनं पाइप न्हेऊ की." एका नगरपंचायतीने स्वतःच केलेला प्रस्ताव तपासायला आणला होता. तो कोकणातल्या कुठल्याशा प्रस्तावावरून उतरवलेला होता. सातव्या पानावर 'सागरी उधाणामुळे होणारी धूप' असा मजकूर होता. मी मुख्याधिकाऱ्यांना तो दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "हे राहू द्या. मोठे साहेब कोकणातले आहेत." आम्ही ते काढले.

फोटोंचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. हल्ली फोटोवर ठिकाण आणि वेळ आपोआप उमटते, त्यामुळे फोटो हा पुरावा असतो. गावाच्या दृष्टीने फोटो हा समारंभ असतो. एका गावाने नव्या टाकीचे अठरा फोटो पाठवले. सतरांत सदस्य होते. टाकी एकात होती, तीही निम्मी.

साकवाचे गाव जिल्ह्याच्या पश्चिमेला आहे. मूळ गाव ओढ्याच्या अलीकडे, वाडी पलीकडे. वाडीत तीसेक घरे आणि एक लहान अंगणवाडी. अंगणवाडीच्या सेविका शकिला मुल्लाणी मात्र राहायला अलीकडच्या गावात. त्या रोज ओढा ओलांडून जातात, खोली उघडतात, मुलांना शिकवतात आणि गरम खाऊ घालतात. मुले तेव्हा अकरा होती. ओढ्याला पाणी आले, की सेविका अलीकडे आणि मुले पलीकडे. दुसरा रस्ता शेजारच्या गावावरून नऊ किलोमीटरचा, आणि तोही चिखलाचा.

प्रस्तावासाठी जागा पाहायला मी एप्रिलमध्ये गेलो तेव्हा ओढ्यात पाण्याचा थेंब नव्हता. सरपंच सर्जेराव दगडांवरून चालत मला पलीकडे घेऊन गेले. समोरून शकिलाबाई येत होत्या.

"पावणं," त्या म्हणाल्या, "आता काय बघतासा? आखाडात या."

मी आषाढात गेलो नाही. त्या महिन्यात हातात चार गावे होती. डेस्कवर असताना न पाहता लिहिणाऱ्या बातमीदारांना मी बरेच बोललो होतो.

समितीची तारीख कळली तेव्हा सर्जेरावांना सूचनांची यादी पाठवली. नऊ मुद्दे होते : ठरावाची मूळ वही, सातबारा, नकाशाच्या तीन प्रती, खुर्च्या, पिण्याचे पाणी, सर्व सदस्यांची उपस्थिती वगैरे. दहावा मुद्दा मला सुचला नाही.

मंगळवारी मी समितीच्याच गाडीत होतो. ओढा आला तेव्हा चालकाने गाडी थांबवली.

ओढ्याला मांडीएवढे पाणी होते. त्यावर पूल होता. निलगिरीचे वासे आडवे टाकून त्यांवर मंडळाच्या स्टेजच्या फळ्या बसवल्या होत्या. दोन्ही बाजूंना मांडवाच्या पाइपांचा कठडा होता. फळ्यांवर लाल गालिचा, दोन्ही टोकांना केळीचे खुंट, वर आंब्याच्या पानांचे तोरण. नुकताच गणपती झाला होता, त्यामुळे सामान हाताशी होते. पलीकडच्या काठावर वाडीतली माणसे धुतलेले कपडे घालून उभी होती. हलगी वाजायला लागली.

समितीच्या प्रमुख नाईक मॅडम, उपअभियंता. त्यांनी सरपंचांना विचारले, "हे कधी बांधलं?"

"कालच पुरं झालं की मॅडम. दोन दिस सगळं गाव खपलं."

"याआधी लोक कसे जात होते?"

"आदी? पान्यातनं."

"मग मलाही पाण्यातूनच न्यायचं होतं. तेच पाहायला आले मी."

सर्जेरावांना हा विचार मुळातून पटला नाही. "पाव्हण्यास्नी पान्यातनं न्यायचं?" ते म्हणाले. "आनि मग गावानं त्वांड कुठं दाखवायचं?"

नाईक मॅडम पुलावर चढल्या. मध्यावर थांबून एका पायावर जोर देऊन पाहिला. मग वाकून जोड तपासले. "बांधणी कुणाची?"

दिलीप नावाचा तरुण पुढे झाला. कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत फिटर, गणपतीच्या रजेवर आलेला.

"खिळे नाही मारले?"

"खिळा हलतोय मॅडम. समदीकडं नट-बोल्ट हाईत."

"भार किती घेईल?"

"काल चार म्हशी न्हेऊन बघितल्या. मागनं सरपंच."

"सगळे एकदम?"

"न्हाय, म्हशी पयल्या."

मॅडम हसल्या. कामाची जाण असणाऱ्या माणसाला दुसऱ्याचे नीट काम दिसले की जसा आनंद होतो, तसा त्यांना झाला. 'स्थिती : उत्तम' हे शब्द त्यांनी पुलावर उभ्या राहूनच लिहिले.

शकिलाबाई कडेला होत्या. त्या माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "पावणं, ह्यो पूल उद्या ऱ्हाणार न्हाय. फळ्या भाड्याच्या हाईत."

मी ते मॅडमना सांगितले. त्या म्हणाल्या, "असेल. उद्या काय होईल ते मी लिहू शकत नाही. मी पाहिलं ते लिहिते." हेच वाक्य मी वीस वर्षे दुसऱ्यांना ऐकवले होते.

बुधवारी दुपारी मांडववाल्याचा टेम्पो येऊन फळ्या, पाइप आणि गालिचा घेऊन गेला. गुरुवारी अहवालाची प्रत आमच्याकडे आली. पर्यायी सोय आहे म्हणून गुण कमी झाले होते आणि आमचा प्रस्ताव मंजूर यादीतून प्रतीक्षा यादीत गेला होता. शुक्रवारी डोंगरात पाऊस झाला आणि वासेही गेले. त्यांतला एक दोन गावे ओलांडून बंधाऱ्याला अडकला. म्हणजे शनिवारी सकाळी वाडीला पूल नव्हता आणि सरकारी कागदावर उत्तम पूल होता.

त्या दिवशी सर्जेराव आणि ग्रामसेवक कुंभार कार्यालयात आले.

"आता फोटू मारू की," सर्जेराव म्हणाले. "पूल न्हाय म्हणून. न्हाय त्याचा फोटू घ्यायला काय लागतंय?"

मी सांगितले, की पाहणीनंतरचा पुरावा चालत नाही. गावाने पूल मुद्दाम मोडला, असे कोणीही म्हणेल. हरकत घेता येते, पण अहवाल मिळाल्यापासून सात दिवसांत, आणि सोबत पाहणीच्या आधीचा, तारीख असलेला सरकारी कागद हवा.

"आदीचे फोटू कुंभारांनी दिल्यात न्हवं?"

मी फाइल काढली. फोटो एप्रिलचे होते. सरपंच आणि सहा सदस्य ओळीने उभे होते. सर्जेरावांनी फोटो जवळ धरून पाहिला, मग लांब धरून पाहिला.

"ह्यात वढा कुठं हाय?"

"तुम्ही उभे आहात तो ओढा."

कुंभार खिडकीतून तालमीकडे पाहू लागले.

सोमवारपासून तीन दिवस आम्ही कागद शोधले. शाळेच्या हजेरीत वाडीतली मुले गैरहजर दिसत होती, पण कारणाचा रकाना कोरा होता. मग दूध संस्थेत गेलो. पाणी आल्यावर वाडीचे दूध बंद पडत असेल, तर संकलनाच्या वहीत दिसेल असा विचार होता. वहीत वाडीचे दूध रोज होते, अगदी आषाढातही. वाडीतले बाप्ये किटल्या खांद्यावर घेऊन छातीएवढ्या पाण्यातून येत होते.

"आमच्या वाडीचं दूध एक दिस चुकल्यालं न्हाय," सर्जेराव अभिमानाने म्हणाले.

"हे समितीला सांगू नका," मी म्हणालो.

तिथून बाहेर पडताना शकिलाबाईंचे घर लागले. त्या दारात होत्या. आम्ही काय शोधतो आहोत ते गावाला एव्हाना कळले होते. त्यांनी आत बोलावले आणि फळीवरून स्टीलचा डबा काढला. डब्यात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आणखी एक पिशवी आणि तिच्यात अंगणवाडीची हजेरी वही. ही वही तीन वर्षे ओढ्यातून ये-जा करत होती, आणि तिला पाण्याचा एक डाग नव्हता.

"हे चालतंय का बघा," त्या म्हणाल्या.

मी वही उघडली. मुलांच्या हजेरीखाली शेरा लिहायला एक ओळ असते. बहुतेक ठिकाणी ती कोरी सोडतात. या वहीत जून ते ऑक्टोबर रोज काहीतरी लिहिले होते.

'पाणी घोट्याला. गेले. मुले ११.'

'पाणी गुडघ्याला. गेले. मुले १०.'

'पाणी मांडीला. पिशवी डोक्यावर. गेले. मुले ९.'

'पाणी कमरेला, परत आले.'

शेवटच्या प्रकारची वाक्ये एकेका पावसाळ्यात तीसहून अधिक होती. एकाही नोंदीत विशेषण नव्हते. डेस्कवर इतक्या वर्षांत असा मजकूर माझ्या हाती आला नव्हता.

"हे कुणी लिहायला सांगितलं?"

"पयल्या वर्षी मोठ्या बाई आल्त्या तपासायला. त्या दिवशी पाणी हुतं, सेंटर बंद. मी कारण सांगितलं, तर म्हणाल्या, तोंडी चालत न्हाय, लिवून ठेवा. तवापासनं लिवतोय."

"नंतर कुणी वाचलं?"

"तुमीच पयलं."

वही चालणार होती. सरकारी होती, रोजची होती, पाहणीच्या आधीची होती. पण अडचणही होती, आणि ती सांगणे भाग होते. वही सादर केली की अंगणवाडी किती दिवस बंद राहिली ते तारखेनिशी वर जाणार. ठरावीक दिवसांहून जास्त बंद राहिली तर सेविकेकडून खुलासा मागतात. खुलासा पटला नाही तर सेवा संपवता येते. आजवर कोणी वही वाचली नव्हती, म्हणून कोणी विचारले नव्हते.

मी हे सगळे सांगितले. शकिलाबाईंनी वही परत पिशवीत घातली.

"मला उद्यापातूर द्या," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अकराच्या एसटीने त्या कोल्हापुरात आल्या. विचारत विचारत शिवाजी पेठेत, आमच्या जिन्यापर्यंत. डबा सोबत होता. टेबलावर ठेवला आणि खुर्चीवर बसल्या.

"घरी विचारलं?" मी म्हणालो.

"विचारलं. मालक म्हणाले, तुजी नोकरी, तूच बघ." त्यांनी पदराने कपाळ पुसले. "रातभर इचार केला. नोटीस काय, कोरड्या पायानं यील. येऊ द्या."

हरकत त्याच दिवशी दाखल झाली. सातव्या दिवशी.

सुनावणी पुढच्या सोमवारी, नाईक मॅडमच्या कार्यालयात. सरपंच, कुंभार, शकिलाबाई आणि मी. मॅडमनी वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. वीस मिनिटे झाली. पंख्याचा आवाज येत होता. मग त्यांनी मान वर केली.

"गुडघ्याला म्हणजे किती?"

"माझ्या गुडघ्याला," शकिलाबाई म्हणाल्या.

मॅडम उठल्या, कपाटातून टेप काढली. "इकडे या. भिंतीला टेकून उभ्या राहा. चप्पल काढा."

"काढतो की. वढ्यात बी चप्पल हातातच असती."

मॅडम फरशीवर गुडघे टेकून बसल्या. घोटा, गुडघा मोजला आणि कारकुनाला आकडे सांगितले. "मांडी म्हणजे नेमकी कुठे?"

"हितं. हितंवर साडी खोचतो."

"बासष्ट. आणि कंबर?"

"हितं. हितंवर पाणी आलं की पाय उचलतोय. मग मी फिरतो."

"नव्वद." मॅडमनी वहीचे पान उलटले. "इथे चार ठिकाणी 'पाणी छातीला' आहे. कमरेला परत येता, तर छातीचं कसं कळलं? आत गेला होता?"

"न्हाय. मधी म्हस उभी हुती. तिच्यावरनं."

"म्हणजे अंदाज."

"अंदाज लिवा."

कारकुनाने लिहिले : छाती, एकशे पंधरा, अंदाजे.

मग मॅडमनी आमचा नकाशा मागवला. साकवाचा स्लॅब ओढ्याच्या तळापासून किती उंच ठेवायचा, ते त्यात होते. त्यांनी नकाशा आणि वही शेजारी शेजारी ठेवली. 'पाणी जांभळीच्या बुंध्याला' अशी एक नोंद होती. जांभळीचे झाड नकाशात होते. त्यांनी त्याच्या बुंध्याची उंची पाहिली.

"ही स्लॅबची उंची कुठून काढली?" त्यांनी मला विचारले.

मी खरे ते सांगितले. त्याच ओढ्यावर खालच्या गावाचा साकव आम्ही आधी केला होता. पुराची पातळी त्या प्रस्तावातून उचलली होती.

"खालच्या गावात ओढा पसरट आहे. इथे अरुंद आहे. म्हणजे पाणी इथे चढणार." त्यांनी पेन्सिलीने नकाशावर एक रेघ ओढली. ती स्लॅबच्या वरून गेली. "तुमचा साकव मंजूर झाला असता, तर दर पावसाळ्यात पाण्याखाली असता."

"हो," मी म्हणालो.

नगरपंचायतीच्या प्रस्तावातला समुद्र मी अनेकांना हसत सांगितला होता. त्या दिवसानंतर काही महिने सांगितला नाही.

सर्जेराव खुर्चीत पुढे सरकले. ते म्हणाले, "म्हंजे मॅडम, आमी पूल बांधला तेच बरं झालं म्हणा की."

"असं मी म्हटलेलं नाही," नाईक मॅडम म्हणाल्या.

हरकत मान्य झाली. अहवालात दुरुस्ती आली : 'पाहणीच्या वेळी आढळलेली सोय तात्पुरती होती. सध्या अस्तित्वात नाही.' स्लॅबची उंची वाढवून नवा नकाशा करण्याचा आदेश झाला. तो आम्ही गावाला फुकट करून दिला. प्रस्ताव मंजूर यादीत परत आला. मॅडमनी एक अट जादा घातली. साकवाच्या मधल्या खांबावर सेंटिमीटरच्या खुणा रंगवाव्यात.

पंधरा दिवसांनी शकिलाबाईंना त्यांच्या विभागाची नोटीस आली. अंगणवाडी बंद राहिल्याबाबत आठ दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा पुढील कारवाई. त्या डबा आणि नोटीस घेऊन आल्या. मी खुलाशाचा मसुदा लिहिला आणि वाचून दाखवला. 'अत्यंत प्रतिकूल नैसर्गिक परिस्थितीत, स्वतःच्या जिवाची पर्वा न करता' अशी सुरुवात होती.

"ह्ये कशाला?" शकिलाबाई म्हणाल्या. "जिवाची पर्वा केली म्हणून तर परत आलो न्हवं. पाणी हुतं, एवढंच लिवा."

ते काढले. मग त्यांनी 'सातत्याने पाठपुरावा करूनही' काढायला लावले, कारण पाठपुरावा त्यांनी केला नव्हता. खुलासा साडेचार ओळींचा झाला. सोबत नाईक मॅडमच्या कार्यालयातला मोजमापाचा कागद जोडला : घोटा, गुडघा, मांडी, कंबर आणि समोर सेंटिमीटर, खाली सही आणि शिक्का. हीच नोंद सरकारच्या एका कार्यालयाने पुरावा म्हणून मान्य केली आहे, हे पाचव्या ओळीत लिहिले. ते वाक्य त्यांनी राहू दिले.

महिना काही कळले नाही. त्या रोज वाडीत जात होत्या. पाणी उतरले होते. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाल्यावर पत्र आले : 'खुलासा मान्य. प्रकरण नस्तीबंद.' त्या संध्याकाळी फोन आला. त्यांनी आधी माझी तब्येत विचारली, मग पेठेत पाऊस आहे का ते विचारले, आणि शेवटी पत्राचे सांगितले.

साकवाचे काम ठेकेदाराच्या गतीने झाले. मध्ये एक पावसाळा तसाच गेला, आणि त्या पावसाळ्यातही वहीत 'परत आले' आहे. टप्प्यांचे फोटो कुंभार पाठवत. एप्रिलच्या फोटोंचा त्यांनी इतका धसका घेतला होता, की आता फोटोत माणूसच नसायचा. नुसता खड्डा, नुसती सळई. सर्जेरावांनी फोनवर तक्रार केली.

"एकात तरी मला घ्या म्हणावं. उंची तरी कळंल."

मुद्दा बरोबर होता. खांबाच्या फोटोत आता सर्जेराव हातात मोजपट्टी धरून उभे आहेत. आमच्याकडच्या त्यांच्या फोटोंपैकी पुरावा म्हणून उपयोगी पडलेला हा एकच.

समितीपूर्वी पाठवायच्या यादीत आता अकरा मुद्दे आहेत. दहावा : 'जागेला हात लावू नये.' अकरावा : 'गावात कोण कोणती वही लिहिते ते विचारावे.' दहावा वाचून एका सरपंचांनी नुकताच फोन केला होता. पाहणीच्या रस्त्यावरचे खड्डे त्यांनी भरायचे थांबवले होते, पण दोन्ही बाजूंना रांगोळी काढली तर चालेल का, असे ते विचारत होते. मी चालेल म्हणालो.

साकव या वर्षी मेमध्ये पूर्ण झाला. खांबावरच्या खुणा दिलीपने रजा काढून येऊन रंगवल्या. काम पूर्ण झाल्याच्या प्रमाणपत्रासाठी गावाची शेवटची भेट बाकी होती. ती मी आषाढात ठेवली.

ओढ्याचे पाणी गढूळ होते आणि आवाज मोठा होता. साकवावर गालिचा नव्हता. दुपारी दीड वाजता अंगणवाडी सुटली. शकिलाबाईंनी डब्यातून वही काढली, उंबऱ्यावर बसून शेरा लिहिला, वही दोन पिशव्यांत घालायला घेतली आणि मग थांबून माझ्यापुढे धरली. त्या दिवसाची नोंद अशी आहे :

'पाणी छातीला. खांबावर ११५. गेले. मुले १३.'